नववी स्लाइड

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण त्याच्या अंगठ्याच्या आड घातलं आणि म्हणाल्या, "थांबा जरा. मागे काय होतं?"

एवढंच झालं. दिवसाला अकरा डॉक्टरांच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला याहून मोठे धक्के पचवायची सवय असते. कोणी दारातूनच हात हलवून वाटेला लावतं, कोणी त्याचं बोलणं चालू असताना फोनवर घरच्या गळक्या नळाचा बंदोबस्त करतं, एका वयोवृद्ध डॉक्टरांनी तर त्याच्या टॅबवर आपला चष्मा काढून ठेवला होता आणि पाच मिनिटं खुशाल डोळे मिटले होते. तेही त्याने हसून साजरं केलं. पण अंगठा कोणी अडवला नव्हता. औषध कंपनीच्या नोकरीत सव्वीस वर्षं झाली होती, त्यातली पहिली सतरा कागदी पानांच्या जाडजूड फोल्डरवर आणि पुढची नऊ या काचेवर. आणि काचेवर त्याचा अंगठा असा काही बसला होता की बरोबरीचे लोक त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. टॅब डाव्या तळहातावर आडवा, डॉक्टरांच्या बाजूला किंचित कललेला, उजव्या हाताचा अंगठा कोपऱ्यात. स्लाइड सरकायची ती त्याच्या श्वासाबरोबर, समोरच्याला कळायच्या आत. आता तो अंगठा एका निळ्या टोपणाला टेकून उभा होता आणि दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा दिसत होता.

"काही नाही मॅडम, सूचना आहेत. नेहमीच्याच," तो म्हणाला.

"नेहमीच्या म्हणजे कुठल्या? वाचून दाखवा की."

खोली नवी होती. भिंतींना अजून रंगाचा वास होता, त्यात स्पिरिटचा मिसळलेला. डॉक्टरीणबाईही नव्या, दोन महिन्यांपूर्वी पाटी लावलेल्या, त्याच्या थोरल्या मुलीएवढ्या. बाहेर चारच पेशंट बसले होते, म्हणजे हिला वेळ आहे, हे त्याने आत येतानाच हेरलं होतं आणि मनातल्या मनात वाईटही वाटून घेतलं होतं, कारण ज्या डॉक्टरला वेळ असतो तो प्रश्न विचारतो. त्याचं सगळं काम वेळ नसलेल्या माणसांवर बेतलेलं होतं. दीड मिनिटात बारा स्लाइड. पहिलीवर बागेत हसणारी आजीबाई, दुसरीवर कानाच्या आतला तो शंखासारखा भाग, मग आलेख, मग टक्के, मग पुन्हा आलेख, आणि बारावीवर परत तीच आजीबाई, या वेळी नातवासकट. गोळी चक्कर थांबवण्याची. आठवीपर्यंत गोळीचे गुण, दहावीपासून पुन्हा गोळीचे गुण, आणि मधली नववी तेवढी करड्या रंगाची, बारीक अक्षरातली, कायद्याने घालावी लागते म्हणून घातलेली. तिचं नाव होतं 'वयस्कर रुग्णांसाठी सूचना'.

कंपनी काही दूधखुळी नव्हती. आपली माणसं नववीवरून सुळकन पसार होणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून टॅब प्रत्येक स्लाइड किती सेकंद उघडी राहिली ते टिपून ठेवायचा आणि रोज मुख्य कचेरीत कळवायचा. नववीला किमान अठरा सेकंद, असा दंडक होता. आता नव्वद सेकंदांतली अठरा वाईट बातमीला कोण देणार? तेव्हा या धंद्यातल्या लोकांनी एक युक्ती काढली होती, आणि तिच्यात त्याचा हातखंडा होता. डॉक्टरांसमोर नववी अंगठ्याने उडवायची. बाहेर येऊन स्कूटरवर बसायचं, भेट संपली असं टॅबला एवढ्यात सांगायचंच नाही. नववी उघडायची, टॅब मांडीवर ठेवायचा आणि मनात अठरा आकडे मोजायचे. तेवढ्यात बुटाची नाडी बांधून होते. दोन बिस्किटं खाऊन होतात. हिवाळ्यात टॅब कोमट असतो, मांडीला बरा वाटतो. बाकीचे लोक या भानगडीत कधी नऊ सेकंद ठेवत, कधी विसरून चाळीस. याची नोंद रोज, प्रत्येक डॉक्टरमागे, अठरा नाहीतर एकोणीस. एवढ्या निगुतीने केलेली लबाडी ही एक प्रकारची सचोटीच असते असं त्याला वाटे. दिवसातून अकरा वेळा ती स्लाइड त्याच्या मांडीवर उघडी पडलेली असायची, दोन वर्षं. आणि ती त्याने एकदाही वाचली नव्हती.

त्याने टॅब सरळ धरला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीचा, तुपात घोळलेला. "साठ वर्षांपुढील रुग्णांत सहा आठवड्यांहून अधिक काळ वापर टाळावा." इथे त्याने सवयीने मान डोलावली. "दीर्घकाळ वापर झाल्यास पुढील लक्षणे दिसू शकतात. हातांना कंप. हालचाली मंदावणे. अक्षर बारीक होणे." तो थांबला. मग पुढचं त्याने वाचलं ते त्याला स्वतःला ऐकू येत होतं, शेजारच्या खोलीतून यावं तसं. "आवाज एकसुरी होणे. चेहऱ्यावरील हावभाव कमी होणे. चेहरा निर्विकार अथवा रागीट भासू शकतो."

"पुढे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"लक्षणे दिसताच औषध थांबवून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा."

"हे महत्त्वाचं आहे हो. तुम्ही पळवत काय होता?" त्या रागावल्या नव्हत्या, वहीत काहीतरी टिपून घेत होत्या. "इथले लोक किती दिवस देतात ही गोळी?"

"पंधरा दिवस. फार तर महिना." मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, समजा एखाद्या पेशंटने दीड वर्ष घेतली असेल तर?"

त्यांनी मान वर केली. "कोणी घेतलीय?"

"नाही, असंच. एका डॉक्टरांनी विचारलं होतं."

"त्या डॉक्टरांना म्हणावं, आजच बंद करा. आणि त्या पेशंटना माझ्याकडे घेऊन या, कुठे लांब असतील तर जवळच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. बहुतेकांचं सहा महिन्यांत, वर्षात उतरतं. काहींचं नाही उतरत."

"काहींचं म्हणजे?"

"काहींचं म्हणजे काहींचं," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. त्याने टॅब पिशवीत घातला, आभार मानले, स्टुलाला पाय अडकून अडखळला आणि बाहेर आला. उरलेल्या तीन स्लाइड दाखवायच्या राहून गेल्या.

स्कूटरची सीट उन्हाने तापली होती. तो तिच्यावर बसला आणि बराच वेळ किल्ली फिरवायचं विसरला. समोर चपलांचं दुकान होतं, दुकानदार एकेक जोड काठीने काढून गिऱ्हाइकापुढे ठेवत होता. त्याच्या मनात ताईचा चेहरा होता. हसरा नाही, गेल्या दीड वर्षातला. तो चेहरा त्याने फार कमी पाहिला होता. ताईकडे गेलं की तो खिडकीकडे बघे, घड्याळाकडे बघे, तिच्या कानाच्या मागे भिंतीवर बघे. त्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते आपल्याला पाठ आहे, अशी त्याची खात्री होती, आणि पाठ असलेलं कोण कशाला वाचतं. लिहिलेलं असं होतं: तू आला नाहीस.

भाऊजी गेले तेव्हा तो तीनशे मैलांवरच्या एका हॉटेलात होता. कंपनीची वार्षिक सभा होती. दुपारी बायकोचा फोन आला की त्यांचं काही खरं नाही, निघा. दुपारची गाडी त्याला सहज मिळाली असती. पण संध्याकाळी बक्षिसं होती, आणि त्याला कानोकानी कळलं होतं की या वर्षी एक बक्षीस 'शिस्तबद्ध सादरीकरणा'चं आहे आणि ते नवव्या स्लाइडच्या नोंदीवरून ठरलंय. तोवरच्या सगळ्या नोकरीत त्याला कधी बक्षीस मिळालं नव्हतं. विक्रीत तो नेहमी मधला, ना वर ना खाली, शाळेतही तसाच. त्याने मनाशी म्हटलं, भाऊजी असे दोनदा मरणाच्या दारात जाऊन परत आलेत, रात्रभरात काय होतंय. व्यासपीठावर चढला, एक काचेचं ढब्बू स्मृतिचिन्ह घेतलं, सगळ्यांनी 'अंगठेबहाद्दर, अंगठेबहाद्दर' करून टाळ्या वाजवल्या आणि त्याने अंगठा वर करून दाखवला. सकाळी पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. ताई कोपऱ्यात बसली होती. "गाडी चुकली," तो म्हणाला. तिने नुसती मान हलवली.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत तिला चक्कर येऊ लागली. जागरणं, जेवणाची आबाळ, वय, सगळंच होतं. कोपऱ्यावरच्या जुन्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांची गोळी लिहून दिली. चिठ्ठी बघून त्याचा ऊर भरून आला होता, हे आता आठवलं. "अगं, ही तर माझीच गोळी," तो म्हणाला होता. "विकत कशाला घेतेस? माझ्या पिशवीत ढिगाने पडलीय." डॉक्टरांना वाटायच्या नमुन्याच्या पट्ट्या, दोन-दोन गोळ्यांच्या, विक्रीसाठी नाही असं पाठीवर छापलेल्या. पंधरा दिवस संपले, चक्कर थांबली, पण पट्ट्या थांबल्या नाहीत. तिने विचारलं होतं एकदा, किती दिवस घ्यायची रे? तो म्हणाला, घे की, त्रास नाही ना होत, परत चक्कर येऊन पडलीस म्हणजे? ते तो मायेपोटी म्हणाला होता, यात शंका नाही. पण नुसती माया नव्हती. भाऊजींच्या वेळी जे केलं नाही ते भरून काढायला त्याला काहीतरी हवं होतं, आणि पिशवीत हात घातला की हे आयतं हाताला लागत होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो पट्ट्यांचा पुडा घेऊन तिच्या दारात उभा राहायचा. कर्तव्य म्हणतात ते हेच, असं त्याला वाटायचं.

मग तिचा चेहरा बदलत गेला. एकदम नाही, दर महिन्याला थोडा. आधी ती हसेनाशी झाली. मग बोलता बोलता भुवया उडवायची ती थांबली. आवाज सपाट झाला. त्याने काही सांगितलं तर नुसती बघत राहायची, डोळ्यांची उघडझापही न करता, आणि तो मनात म्हणायचा, घ्या, अजून राग गेलेला नाही. त्याने एकदा गमतीचा किस्सा सांगितला, चष्मा ठेवून झोपलेल्या डॉक्टरांचा, तर ती दगडासारखी बसून होती. घरी येताना तो इतका चिडला की बायकोला म्हणाला, मी काय तिच्या दारात तोंड वेंगाडायला जातो का. मुलीच्या वाढदिवसाला ताईने पाकिटावर नाव घालून पाठवलं, ते अक्षर मुंगीएवढं. पूर्वी तिचं अक्षर टपोरं, ऐसपैस. त्याने पाकीट उजेडात धरलं आणि म्हणाला, नाव लिहायचंसुद्धा जिवावर आलंय. तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत राहायचा, सारखा, कधी उठतोय हा असं म्हणत असल्यासारखा. मग तो लवकर उठू लागला. आधी तासभर बसायचा, मग अर्धा तास, मग चहा, मग चहाही नाही. दारात पुडा द्यायचा, 'बरी आहेस ना' विचारायचं, आणि जिना.

बायकोला शंका आली होती. "वन्सं पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत हो," ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "कुणातरी चांगल्या डॉक्टरला दाखवायला पाहिजे." त्यावर हे शहाणे काय म्हणाले? "रागावर औषध नसतं," म्हणाले. आणि आपल्या उत्तरावर खूश होऊन पेपर वाचायला लागले. तिने दोन वेळा विषय काढला, मग तीही गप्प बसली. नणंद-भावजयीत जेवढं बोलता येतं तेवढं ती बोलली होती.

चेहरा वाचण्यात आपण चुकू असं त्याला वाटलंच नव्हतं, कारण तो चेहरा त्याला सगळ्यांत जास्त माहीत होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सतरा. तो जेवत नसे. तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसायचा. मग ताई समोर बसून तोंडं करून दाखवायची. वाण्याचं तोंड: एक डोळा तराजूवर, एक गिऱ्हाइकावर. हेडमास्तरांचं: गालात हवा भरून. रुसलेल्या मांजरीचं, दाढदुखी झालेल्या पोस्टमनचं. तो हसायला तोंड उघडायचा आणि घास आत जायचा. एका चेहऱ्याला एक घास. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही, तेव्हा तिने पाळणाघर काढलं आणि तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना तसंच भरवलं. ते पाळणाघर मागच्या वर्षी बंद झालं. तिने फोन केला होता. "पोरं रडतात रे माझ्याकडे बघून," ती म्हणाली, त्याच सपाट आवाजात, दुधाचा हिशेब सांगावा तशी. तो गर्दीत होता, एका कानात बोट घालून उभा. "वय झालं आता ताई," तो म्हणाला, "आराम कर."

चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक काही न घेता निघून गेलं. त्याने पिशवीतून टॅब काढला, का ते त्याचं त्यालाच कळलं नाही. भेट चालूच होती. नववी स्लाइड अजून उघडी होती आणि कोपऱ्यातले सेकंद पुढे पुढे जात होते, सातशे, सातशे एक. त्याने ती पुन्हा वाचली. मनात वाचली तरी ओठ हलत होते. अजून चार डॉक्टर राहिले होते. त्याने स्कूटर उलटी वळवली.

ताईचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला खुंट्यांची रांग होती, पोरांची दप्तरं अडकवायला; आता त्यांवर काहीच नव्हतं. लहान खुर्च्या एकीत एक घालून कोपऱ्यात रचलेल्या. बेल वाजवल्यावर तिला दाराशी यायला किती वेळ लागतो हे त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. पाय उचलून न टाकता ओढत आणल्यासारखे. त्याला नेहमी वाटायचं, मुद्दाम ताटकळत ठेवते.

"आज कसा?" ती म्हणाली. "शनिवार नाही आज."

"सहज. आलो."

"पट्ट्या आणल्यास?"

"नाही," तो म्हणाला, आणि आज त्याने तिच्याकडे पाहिलं. खिडकीकडे नाही, घड्याळाकडे नाही. गाल, कपाळ, तोंडाच्या कडा, सगळं गुळगुळीत झालेलं, इस्त्री फिरवल्यासारखं. फक्त डोळे ताईचे होते, आणि ते त्याच्याकडे बघत होते. कदाचित दीड वर्ष असेच बघत असतील. त्याला रडू येईल असं वाटलं म्हणून तो घाईघाईने खाली बसला आणि पिशवीत हात घातला.

सांगायचं कसं? सव्वीस वर्षं बोलण्यावर पोट भरलेल्या माणसाला एक वाक्य जुळेना. शेवटी त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. टॅब डाव्या तळहातावर आडवा घेतला, तिच्या बाजूला किंचित कलवला. मघाची भेट त्याने येताना बंद करून टाकली होती, त्यामुळे टॅबने नव्याने विचारलं, कोणते डॉक्टर? नाव निवडल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. त्याने यादीतलं पहिलं नाव दाबलं. बागेतली आजीबाई आली, आणि जीभ आपोआप सुटली. "चक्कर येणाऱ्या माणसाचं सगळं जग फिरत असतं. त्याला पुन्हा आपल्या पायांवर उभं करणं, हे आपल्या..." तो ओशाळून थांबला.

"असं बोलतोस होय तू दिवसभर," ताई म्हणाली.

ही थट्टा होती का? त्याने चेहऱ्यात शोधलं. चेहऱ्यात काही नव्हतं. पण आवाजाकडे दुर्लक्ष करून नुसते शब्द घेतले तर ती थट्टाच होती. पूर्वीची ताई हे म्हणाली असती तेव्हा तिने नाकपुड्या फुगवल्या असत्या आणि दोघंही हसले असते. मग त्याच्या लक्षात आलं की ती अशी थट्टा मधून मधून करतच असणार. महिन्यातून एकदा, दारात उभ्या असलेल्या भावाला हसवायचा प्रयत्न करत असणार, आणि तो जिना उतरत असणार.

तो अंगठ्याने भराभर पुढे गेला. नववी आली तेव्हा अंगठा सवयीने दहावीवर निघालाच होता, त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "हे वाच," तो म्हणाला. "मी आज वाचलं. आजच."

तिने चष्मा लावला, त्यालाही वेळ लागला. ओळ चुकू नये म्हणून तिने काचेवर बोट ठेवलं. बोट कापत होतं आणि टॅबला ते सरकवणं वाटलं. स्लाइड उडून दहावी आली. त्याने मागे आणली. तिने पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा दहावी, टक्के आणि हिरवा आलेख. तिसऱ्यांदा त्याने तिचं मनगट धरलं. मनगटातली थरथर त्याच्या हातात आली, बारीक, न थांबणारी. तसंच धरून त्याने तिचं बोट ओळीवरून हलकेच उचलून नेलं, एकेका शब्दाखालून, तिने त्याला पहिलीत शिकवलं होतं तसं. शेवटच्या ओळीपाशी आल्यावरही तिने हात काढून घेतला नाही. पुन्हा वरून वाचलं.

"म्हणजे पोरं याला घाबरायची," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं मीच अशी झाले. ते गेल्यावर माणसाचं होतं तसं." मग थोड्या वेळाने, "मी आरसा काढून ठेवला होता."

त्याने खोलीत पाहिलं. खरंच, बेसिनवर नुसता खिळा होता. "मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस," तो म्हणाला. "भाऊजींच्या वेळी आलो नाही म्हणून. म्हणून मी बसत नव्हतो. तुझ्याकडे बघितलं की वाटायचं, आता बोलेल, आता बोलेल."

"त्याचा कसला राग, बाळ्या. तुझी गाडी चुकली होती."

तिने हे इतकं सहज म्हटलं की तेवढ्यावर थांबता आलं असतं. दीड मिनिटाच्या बोलण्यात माणूस कुठे थांबायचं ते चांगलं शिकतो. त्याने टॅब पालथा करून जमिनीवर ठेवला.

"गाडी चुकली नव्हती. मी थांबलो होतो. बक्षीस होतं मला, संध्याकाळी."

"कसलं?"

"याचंच. या नवव्या स्लाइडचं. सगळ्यांत जास्त नियमाने दाखवतो म्हणून." आणि मग त्याने सगळं सांगितलं. उडवणं, स्कूटर, मांडी, अठरा आकडे, बुटाची नाडी. पट्ट्यांचं सांगितलं, की डॉक्टरांनी पंधराच दिवस लिहिली होती आणि पुढचं सगळं त्याचं होतं. बोलताना तो तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल म्हणून बघत होता आणि काही उमटत नव्हतं, ना तो थांबावा म्हणून, ना पुढे बोलावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा तो समोरच्याच्या चेहऱ्याचा आधार न घेता बोलत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती चार वेळा खोकली आणि बंद पडली.

"हे उतरेल का?" ताईने विचारलं.

"उतरेल," तो झटकन म्हणाला. मग त्याने स्वतःला दुरुस्त केलं. "बहुतेकांचं उतरतं. सहा महिने लागतात, वर्ष लागतं. काहींचं उतरत नाही. तुझं काय होईल ते मला माहीत नाही, ताई. उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जाऊ. मी येतो न्यायला."

ती हात मांडीवर ठेवून बसली, अंगठा बोटावर घासत राहिला. तिचे डोळे खुंट्यांच्या रांगेकडे होते, किंवा त्यांच्याही खाली. तो वाट बघत राहिला. एरवी तो या वेळेला जिन्यात असता; आज त्याला उठायचं नव्हतं, आणि बसायला तोंडही नव्हतं.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "रागावलीस?"

तिने त्याच्याकडे मान वळवली. सावकाश, जेवढी वळत होती तेवढी. चेहरा दीड वर्ष होता तसाच होता.

"हो," ती म्हणाली. "आता रागावले."